सामायिक कॉफीचे शास्त्र

कार्यालयातील सामायिक कॉफीच्या भांड्याच्या तळाशी नेहमी बोटभर कॉफी उरलेली असते. ती कोणाला नको असते म्हणून उरते, असे मात्र नव्हे. शेवटचा पेला घेणाऱ्याने भांडे विसळून नवी कॉफी करून ठेवावी, असा बहुतेक ठिकाणी अलिखित नियम असतो. बोटभर कॉफी तशीच ठेवली की आपण 'शेवटचे' ठरत नाही आणि नियमही मोडत नाही. इतकी सूक्ष्म कायदेशीर बुद्धी माणूस एरवी फक्त प्राप्तिकराचा अर्ज भरताना वापरतो.

विषय क्षुल्लक वाटेल. परंतु चार जणांत एक वस्तू वापरायची कशी, ती संपली की भरायची कोणी आणि न भरणाऱ्याचे करायचे काय, हे प्रश्न गायरानापासून महाजालापर्यंत सगळीकडे तेच आहेत. शास्त्रज्ञ मंडळी कॉफीवर जगतात, अशी त्यांची ख्याती आहे. त्यामुळे या प्रश्नांची काही मजेदार उत्तरे त्यांच्याच कॉफीच्या खोलीत सापडली, यात नवल नाही. महाजालावर थेट चित्र दाखवणारा पहिला कॅमेरा एका कॉफीच्या भांड्यासाठी लावला गेला होता, हे आज किती जणांना ठाऊक असेल?

जिन्यावरच्या निष्फळ फेऱ्या

ही गोष्ट १९९१ सालची, केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेतील. तेथे 'ट्रोजन रूम' नावाची एक खोली होती आणि तिच्या बाहेरच्या बोळात गाळून कॉफी करणारे एकच यंत्र होते. त्यावर सुमारे पंधरा संशोधकांची भिस्त होती. त्यांनी आपला एक 'कॉफी क्लब' केला होता. आपल्याकडच्या भिशीसारखाच, फक्त पैशांऐवजी कॉफीचा. अडचण अशी की काही सभासद ट्रोजन रूममध्ये, म्हणजे भांड्याच्या शेजारीच बसत, तर काही इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, वरच्या मजल्यांवर. वरच्या माणसाने काम बाजूला ठेवावे, दोन-तीन जिने उतरावेत आणि खाली येऊन पाहावे, तो भांडे रिकामे! रात्रभर जागणाऱ्या शेजाऱ्यांनी ते केव्हाच संपवलेले असे.

क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेट्स्की या दोघांनी यावर तोडगा काढला. त्यांनी एक जुना कॅमेरा स्टँडला बांधला आणि त्याचे तोंड भांड्याकडे केले. कॅमेऱ्याची तार खोलीतल्या एका संगणकाला जोडली. जार्डेट्स्की यांनी चित्र टिपून पाठवणारी आज्ञावली लिहिली आणि स्टॅफर्ड-फ्रेझर यांनी ते चित्र प्रत्येकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात दाखवणारी. या जोडीचे नाव ठेवले 'एक्सकॉफी'. सारे काम दिवसभरातच उरकले. चित्र कृष्णधवल, टपाल तिकिटाएवढे, रुंदीला १२८ आणि उंचीला १२८ ठिपके; मिनिटाला साधारण तीन वेळा बदलणारे. स्टॅफर्ड-फ्रेझर यांनी पुढे या व्यवस्थेचे समर्थन मोठ्या मिस्कीलपणे केले. भांडे सावकाश भरते, तेव्हा चित्र सावकाश बदलले तरी चालते. आणि कॉफीच मुळात काळी, तेव्हा रंगीत चित्राची गरजच काय?

यात तांत्रिक चमत्कार फारसा नव्हता. चमत्कार होता तो दृष्टिकोनात. ही मंडळी संगणकांच्या जाळ्यांवर गंभीर संशोधन करत होती. आपल्या हाताशी असलेले हेच साधन आपल्या सर्वांत क्षुल्लक अडचणीवर वापरून पाहावे, असे त्यांना वाटले. गरज ही शोधाची जननी आहे, असे आपण म्हणतो; पण ती गरज फार उदात्त असावी लागते, असे कोणी म्हटलेले नाही. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातही १९८२ च्या सुमारास विद्यार्थ्यांनी कोका-कोलाचे यंत्र संगणकाला जोडले होते. यंत्रात बाटल्या आहेत का आणि त्या पुरेशा गार झाल्या आहेत का, हे जागेवरून न उठता कळावे, एवढाच हेतू. तेथेही मूळ दुखणे तेच होते: लांबची फेरी आणि रिकामे यंत्र.

भांडे इतक्या लवकर का संपते?

येथे थोडे रसायनशास्त्र आवश्यक आहे. १८१९ साली फ्रीडलीब रुंगे या तरुण जर्मन रसायनशास्त्रज्ञाने कॉफीच्या बियांतून एक पांढरे, स्फटिकरूप द्रव्य वेगळे केले. त्या बिया त्याला महाकवी गटे यांनी दिल्या होत्या. एखाद्या कवीने रसायनशास्त्राची केलेली ही बहुधा सर्वांत टिकाऊ सेवा असावी. ते द्रव्य म्हणजे कॅफीन.

आपण जागे असतो तेव्हा मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य हळूहळू साठत जाते. ते पेशींवरील ठरावीक जागी जाऊन बसले की मेंदूचे काम मंदावते आणि डोळ्यांवर झापड येते. कॅफीनच्या रेणूची ठेवण ॲडेनोसिनशी मिळतीजुळती असते. त्यामुळे ते त्याच जागा अडवून बसते, पण झोपेचा निरोप मात्र देत नाही. रेल्वेच्या डब्यात रुमाल टाकून जागा धरून ठेवावी, तसा हा प्रकार. म्हणजे कॉफी नवी शक्ती देत नाही. थकव्याचा निरोप आपल्यापर्यंत पोहोचू देत नाही, एवढेच. रुमाल उचलला गेला की बाहेर ताटकळलेला थकवा आत येतोच.

रक्तातील कॅफीनचे प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. माणसागणिक हा काळ बराच कमीजास्त असतो. शास्त्रज्ञ याला 'अर्धायुष्य' म्हणतात. हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण तो लवकरच एका अनपेक्षित ठिकाणी पुन्हा भेटणार आहे.

न पिता येणाऱ्या कॉफीचे चाहते

एक्सकॉफीचे चित्र दोन वर्षे फक्त प्रयोगशाळेतल्या लोकांपुरते होते. १९९३ च्या सुमारास महाजालाच्या पानांवर मजकुरासोबत चित्रेही दिसू लागली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात डॅनियल गॉर्डन आणि मार्टिन जॉन्सन यांनी भांड्याचे चित्र महाजालावर सर्वांसाठी खुले केले. आता जगातील कोणीही, कोठूनही, केंब्रिजच्या त्या बोळातील कॉफीची पातळी पाहू शकत होता.

आणि लोक खरोखरच पाहू लागले. ही संख्या वाढत वाढत लाखांवर गेली. ज्यांना त्या भांड्यातील थेंबही कधी मिळणार नव्हता, अशी माणसे रोज डोकावून 'आज भरले आहे की रिकामे?' हे पाहून जाऊ लागली. आपण पाहायला येतो तेव्हा केंब्रिजला रात्र असते आणि भांडे अंधारात दिसत नाही, तेव्हा कृपया रात्री दिवा चालू ठेवावा, अशी विनंती जपानमधून आली. अमेरिकेतून आलेले प्रवासी केंब्रिजच्या पर्यटन कार्यालयात जाऊन कॉफीच्या भांड्याची वाट विचारू लागले. जेथे न्यूटन शिकला आणि शिकवला, त्या गावात पाहुणे भांडे शोधत होते, हे पाहून ट्रिनिटी कॉलेजच्या भिंतींना काय वाटले असेल कोण जाणे!

लोक हे का पाहत होते? चित्रात घडत तर काहीच नव्हते. बहुधा उत्तर त्यातच आहे. दूरदेशी एक खोली आहे, तेथे माणसे काम करताहेत, आत्ता या क्षणी त्यांची कॉफी अर्धी संपली आहे, एवढे कळले की ती अनोळखी माणसे शेजारची वाटू लागतात. वाड्यातल्या वाड्यात समोरच्या बिऱ्हाडी स्टोव्ह पेटल्याचा आवाज यावा, तसे ते होते. जग जवळ आल्याची भाषणे पुष्कळ झाली, पण इतक्या साध्या गोष्टीने ते जवळ आल्याचा प्रत्यय बहुधा प्रथमच आला.

२००१ साली प्रयोगशाळा नव्या इमारतीत हलली आणि २२ ऑगस्ट रोजी कॅमेरा बंद झाला. शेवटच्या चित्रात संगणकाचे बटण दाबणारी बोटे दिसतात. त्या दहा वर्षांत चार-पाच यंत्रे बदलली होती. त्यांतील अखेरचे, तेही बिघडलेले यंत्र लिलावात निघाले आणि 'श्पीगेल ऑनलाइन' या जर्मन वृत्तसेवेने ते ३,३५० पौंडांना घेतले. मूळ उत्पादक क्रुप्सने ते दुरुस्त करून दिले आणि पुढे ते जर्मनीतील पाडरबोर्नच्या संगणक संग्रहालयात गेले. भंगारवाल्यानेही नाक मुरडले असते अशा यंत्राला हा मान मिळाला.

चमच्यांचे अर्धायुष्य

केंब्रिजच्या कॅमेऱ्याने निष्फळ फेरी वाचवली हे खरे, पण भांडे कोणी भरायचे हा प्रश्न तसाच राहिला. सामायिक वस्तूचा खरा शत्रू अंतर नसून माणूस असतो. याचा काटेकोर पुरावा हवा असेल तर ऑस्ट्रेलियात जावे लागेल.

मेलबर्नच्या बर्नेट इन्स्टिट्यूट या वैद्यकीय संशोधन संस्थेत चहा-कॉफीच्या खोल्यांतील चमचे सतत गायब होत. एरवी साथीच्या रोगांचा अभ्यास करणाऱ्या तेथील संशोधकांनी याच शास्त्राची शिस्त चमच्यांना लावली. त्यांनी ७० चमचे घेतले, त्यांवर कोणाच्या लक्षात येणार नाहीत असे क्रमांक टाकले, ते संस्थेतील आठ खोल्यांत ठेवले आणि पाच महिने त्यांची नियमित मोजदाद केली. सहकाऱ्यांना याचा पत्ता नव्हता. अखेरीस ७० पैकी ५६ चमचे, म्हणजे ८० टक्के, नाहीसे झाले होते. चमच्याचे अर्धायुष्य निघाले ८१ दिवस. कॅफीनचे पाच तास, चमच्याचे ८१ दिवस. शास्त्र दोघांनाही एकाच मापाने मोजते! खोल्यांत ७० चमचे कायम राखायचे तर वर्षाला सुमारे २५० चमचे विकत घ्यावे लागतील, असाही हिशेब त्यांनी मांडला.

हा निबंध २००५ च्या डिसेंबरमध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'च्या नाताळ अंकात छापून आला. या अंकात विनोदी विषय चालतात, पण पद्धत मात्र शास्त्रशुद्ध लागते. संशोधकांनी इतर शक्यताही खुल्या मनाने तपासल्या. चमच्यांचा एखादा स्वतंत्र ग्रह असून ते संधी साधून तिकडे निघून जातात, या विज्ञानकथेतील कल्पनेचाही त्यांनी आदराने उल्लेख केला.

परंतु या थट्टेत एक आकडा फार मोलाचा आहे. सर्वांसाठी खुल्या असलेल्या खोल्यांत चमच्याचे अर्धायुष्य अवघे ४२ दिवस होते. एखाद्या विशिष्ट गटाच्या खोलीत ते ७७ दिवस होते. चमचा साधा होता की भारी, याने काही फरक पडला नाही. फरक पडला तो 'हा कोणाचा?' या प्रश्नाने. जो सगळ्यांचा असतो तो कोणाचाच नसतो. जो आपल्या दहा जणांचा असतो, तो थोडा जास्त टिकतो.

गायरान, पाटाचे पाणी आणि कॉफी

संशोधकांनी आपल्या निबंधात या घटनेचा संबंध एका प्रसिद्ध सिद्धांताशी जोडला होता. १९६८ साली गॅरेट हार्डिन या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने सामायिक कुरणाची शोकांतिका मांडली. गावाचे कुरण सर्वांना खुले असेल तर प्रत्येक गुराखी विचार करतो की, आपण आणखी एक जनावर सोडले तर नफा सगळा आपला आणि झीज मात्र सर्वांत वाटली जाणार. प्रत्येकाने असाच शहाणपणा केला की कुरण उजाड होते. चमचा घेऊन जाणाऱ्याचा आणि बोटभर कॉफी ठेवून जाणाऱ्याचा हिशेब अगदी हाच असतो.

हार्डिन यांचा निष्कर्ष निराशाजनक होता: अशी वस्तू एक तर सरकारच्या ताब्यात द्यावी, नाही तर खासगी मालकीची करावी. म्हणजे कॉफीच्या भांड्यावर एक तर निरीक्षक नेमा, नाही तर प्रत्येकाने आपापला थर्मास आणा. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना हे पटले नाही. त्यांनी स्वित्झर्लंडमधील डोंगरी कुरणे, जपानमधील गावांची जंगले, स्पेनमधील पाटबंधारे अशी शतकानुशतके टिकलेली सामायिक मालमत्ता अभ्यासली. त्यातून त्यांनी दाखवून दिले की माणसे आपसांत नियम ठरवून अशा वस्तू उत्तम सांभाळू शकतात. त्यासाठी काही गोष्टी लागतात: सभासद कोण हे ठाऊक असावे, नियम वापरणाऱ्यांनीच ठरवलेले असावेत, देखरेख आपल्यातल्याच कोणाची असावी आणि चुकणाऱ्याला दंड आधी हलका, मग वाढता असावा. या कार्यासाठी २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

महाराष्ट्राला हे नवे नाही. धुळे-नाशिक भागातील पांझरा, मोसम या नद्यांच्या खोऱ्यांत फड पद्धतीने पाणी वाटून घेण्याची रीत शेकडो वर्षांची आहे. बंधाऱ्याचे पाणी कोणत्या फडाला केव्हा मिळायचे, हे गाव ठरवते. ते सोडायला गावाने नेमलेला पाटकरी असतो. पाणी कमी असले तर टंचाईही वाटून घेतली जाते. पाटकऱ्याला कोणी नोबेल दिले नाही, पण ऑस्ट्रॉमबाईंचे म्हणणे त्याला लगेच समजले असते.

पाहणारे डोळे

देखरेखीचा मुद्दा मात्र नाजूक आहे. कोणी पाहत असेल तरच माणूस नीट वागतो का? २००६ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या तीन संशोधकांनी याचा शोध घेतला, आणि तोही कॉफीच्याच खोलीत. तेथे चहा, कॉफी, दूध घ्यायचे आणि पैसे आपणहून पेटीत टाकायचे, अशी विश्वासाची पद्धत होती. संशोधकांनी दरपत्रकाच्या वरच्या बाजूला एका आठवड्यात फुलांचे चित्र छापले, तर दुसऱ्या आठवड्यात रोखून पाहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांचे. असे दहा आठवडे चालले. डोळ्यांच्या आठवड्यांत, खपलेल्या दुधाच्या हिशेबाने, पेटीत जवळजवळ तिप्पट पैसे जमले. नुसते कागदावरचे डोळे! आपल्याकडे जिन्याच्या कोपऱ्यात देवांच्या चित्रांच्या फरशा बसवून पानाच्या पिचकाऱ्या थोपवतात, त्यामागेही हाच विचार असतो.

हा निष्कर्ष जगभर गाजला. डोळ्यांची चित्रे सायकलतळापासून उपाहारगृहापर्यंत लावली गेली. पुढे मात्र शास्त्राने आपला नेहमीचा गुण दाखवला. अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या २०१७ च्या एका अभ्यासात चित्रातील डोळ्यांमुळे माणूस अधिक उदार होतो, याला आधार मिळाला नाही. कदाचित माणसे चित्राला लवकर सरावतात. कदाचित पहिला परिणामच एका लहान खोलीपुरता होता. कागदी डोळ्यांवर समाज चालत नाही, एवढा बोध घ्यायला हरकत नाही.

एक पेनी आणि पाटीवरचे नियम

मग समाज कशावर चालतो? कॉफीच्या इतिहासात याचेही एक उत्तर आहे. १६५२ साली पास्क्वा रोझे याने लंडनच्या कॉर्नहिल भागात शहरातील पहिले कॉफीगृह काढले आणि पाहता पाहता अशा कॉफीगृहांचे पेव फुटले. एक पेनी टाकावी, लांबलचक सामायिक मेजाशी बसावे, वर्तमानपत्रे वाचावीत आणि शेजारी जो असेल त्याच्याशी बोलावे. म्हणून त्यांना 'पेनी विद्यापीठे' म्हणत. अर्थात हा मोकळेपणा पुरुषांपुरताच होता. गिऱ्हाइकांत स्त्रियांना सहसा स्थान नव्हते.

१६७४ सालच्या एका छापील पत्रकात कॉफीगृहाचे नियमच पद्यात दिलेले आहेत. सरदार असो की कारागीर, सर्वांनी मिळेल त्या जागी बसावे. मोठा माणूस आला म्हणून उठू नये. शिवी दिल्यास बारा पेन्स दंड. आणि जो भांडण सुरू करील त्याने उपस्थितांपैकी प्रत्येकाला कॉफी पाजावी. ऑस्ट्रॉमबाईंनी तीन शतकांनंतर सांगितलेले बरेचसे येथे आहे: उघड नियम, हलका दंड आणि देखरेख सगळ्यांचीच. भांडणाचा दंड म्हणून सर्वांना कॉफी, ही शिक्षा तर आजच्या महाजालावरील वादपटूंना ताबडतोब लागू करावी अशी आहे. जगातील कॉफीचा साठा आठवड्याभरात संपेल, एवढीच भीती.

राजाला मात्र या मोकळ्या बोलण्याची धास्ती वाटली. दुसऱ्या चार्ल्सने डिसेंबर १६७५ मध्ये कॉफीगृहे बंद करण्याचे फर्मान काढले. पण इतका ओरडा झाला की अंमल सुरू होण्यापूर्वीच ते मागे घ्यावे लागले. विज्ञानाच्या दृष्टीने हे बरेच झाले. रॉयल सोसायटीचे रॉबर्ट हुक यांची रोजनिशी कॉफीगृहांच्या नोंदींनी भरलेली आहे. जानेवारी १६८४ मध्ये हुक, ख्रिस्तोफर रेन आणि एडमंड हॅली यांच्यात ग्रहांच्या गतीवरून वाद रंगला. तोही कॉफी पिता पिता, असे सांगतात. सूर्याची ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असेल, तर ग्रहाची कक्षा कशी असेल? सिद्ध करून दाखवणाऱ्याला रेनने चाळीस शिलिंगांचे पुस्तक देऊ केले. हुक म्हणाला, मला येते; पण दाखवले काही नाही. अखेर हॅली ऑगस्टमध्ये केंब्रिजला न्यूटनकडे गेला. त्यातूनच १६८७ साली 'प्रिन्सिपिया' हा ग्रंथ जन्मला आणि छपाईचा खर्चही हॅलीने सोसला. सामायिक मेजावर पडलेला प्रश्न कोणीतरी उचलून पुढे न्यावा लागतो, तो असा.

चहाच्या किटलीचा बाणेदारपणा

महाजाल घडवणाऱ्यांनीही हा कॉफीगृहाचा स्वभाव बराच काळ जपला. या जाळ्याचे नियम कोणा एका सरकारने केलेले नाहीत. तज्ज्ञ मसुदे लिहितात, इतरांनी टीका करावी म्हणून ते खुले ठेवतात आणि त्यातून नियम ठरतात. या गंभीर मसुद्यांच्या मालिकेत १ एप्रिल १९९८ रोजी लॅरी मॅसिंटर यांचा एक मसुदा दाखल झाला: महाजालावरून कॉफीचे भांडे कसे चालवावे. त्यात कॉफी करण्याची आज्ञा आहे, दूध ओतताना 'बास' म्हणण्याची स्वतंत्र आज्ञा आहे आणि दूध-साखरेपासून मद्यापर्यंत काय मिसळावे हे कळवण्याची सोय आहे. कॅफीनविरहित कॉफीची सोय मात्र जाणूनबुजून ठेवलेली नाही. तशा कॉफीला अर्थच काय, असा त्यांचा सवाल. आणि चुकून कोणी चहाच्या किटलीला कॉफी करायला सांगितले, तर तिने '४१८' हा क्रमांक पाठवून 'मी चहाची किटली आहे' असे बाणेदारपणे कळवावे.

पान सापडले नाही की दिसणारा '४०४' सर्वांच्या परिचयाचा आहे. '४१८' हा त्याच कुळातला, पण थट्टेतला. तरी गमतीगमतीत अनेक आज्ञावल्यांत तो शिरला. २०१७ साली, ही थट्टा आता काढून टाकावी, तो क्रमांक कधी खऱ्या कामाला लागेल, अशी सूचना एका जबाबदार तज्ज्ञाने केली. सूचना योग्यच होती. पण जगभरातून किटली वाचवण्याची मोहीम उभी राहिली आणि थट्टा टिकली. २०२२ च्या अधिकृत नियमावलीत ४१८ हा क्रमांक राखून ठेवलेला आहे: वापरात नाही, पण कोणाला द्यायचाही नाही. पंक्तीत एखाद्या थोर माणसाचा पाट रिकामा ठेवावा तसा.

एका विनोदासाठी एवढा आटापिटा कशाला, असे कोणी विचारील. पण समूह नुसत्या नियमांनी बांधला जात नाही. सर्वांना ठाऊक असलेली एखादी जुनी थट्टा हीसुद्धा सामायिक मालमत्ताच असते. आणि ती वापरल्याने झिजत नाही, वाढतेच. चमच्यांपेक्षा विनोदाचे अर्धायुष्य मोठे असते.

कॅमेऱ्याचे तोंड कोणीकडे?

केंब्रिजच्या कॅमेऱ्याकडे आज मागे वळून पाहताना एक गोष्ट विशेष जाणवते. त्याचे तोंड भांड्याकडे होते, माणसांकडे नव्हते. कॉफी किती आहे, हे सर्वांना सारखेच कळत होते. शेजारच्याला आणि तिसऱ्या मजल्यावरच्याला. ती कोणी घेतली, कोण किती वेळा उठला, कोणी बोटभर ठेवून पळ काढला, हे शोधण्यासाठी तो लावलेला नव्हता. आज आपल्या खिशात, कार्यालयात, इमारतीच्या फाटकावर, रस्त्याच्या चौकात कॅमेरे आहेत आणि बहुतेकांची तोंडे माणसांकडे आहेत. फोनवर कोण किती वाजता शेवटचे दिसले, निरोप कोणी वाचला आणि उत्तर दिले नाही, याची नोंद होते. भांड्यात काय आहे, ही चौकशी मात्र मागे पडली आहे.

दोन्ही प्रकारच्या पाहण्यात मोठा फरक आहे. सामायिक वस्तूची स्थिती सर्वांना दिसली की माणसे आपापले शहाणपण वापरतात: धरणात पाणी किती, ग्रंथालयात पुस्तक आहे का, पुढची बस कोठवर आली. माणसांवरच नजर रोखली की ती शहाणपणाऐवजी पळवाटा वापरू लागतात. आणि पळवाटा काढण्यात माणूस किती तरबेज आहे, हे भांड्याच्या तळाची बोटभर कॉफी रोज सांगते. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीची पातळी दाखवणारा एक साधा फलक जेवढे काम करतो, तेवढे 'पाणी जपून वापरा' अशा दहा सूचना करत नाहीत.

अर्थात फलकाने टाकी भरत नाही आणि कॅमेऱ्याने कॉफी होत नाही. जवळजवळ आठ वर्षे साऱ्या जगाने ते भांडे पाहिले, पण एवढ्या प्रेक्षकांपैकी एकालाही दूरवरून त्यात थेंबभर भर घालता आली नाही. ते काम शेवटपर्यंत त्या बोळातल्याच कोणीतरी, स्वतःचे संशोधन पाच मिनिटे बाजूला ठेवून, निमूटपणे केले. त्याचे नाव कोठेही नोंदलेले नाही. उद्या कार्यालयात भांड्याच्या तळाशी बोटभर कॉफी दिसली, तर ती ओतून द्यावी, भांडे विसळावे आणि नवी कॉफी चढवावी. आणि हाती लागलेला चमचा, तेवढा, जागच्या जागी ठेवावा.